टाइम स्टेप फारच लहान

सेलूच्या जिनिंगचा मुनीम सव्वासातला फोन करतो:
"मॅडम, आजबी ट्रिप."
एवढंच. मग मागून येत राहतो
कामाविना उभ्या असलेल्या माणसांचा खोकला.

तीनशे पंधरा केव्हीएचा तो ट्रान्सफॉर्मर
आमच्याच शेडमधून गेला, जालन्याच्या एमआयडीसीतून,
रंग पुरता वाळलासुद्धा नव्हता.
त्याच्या पाटीवर माझी सही नाही.
आकडे माझे आहेत.

संध्याकाळी मी त्याला स्क्रीनवर पुन्हा बांधते.
दोन कॉइल, मध्ये कपलिंग, खाली जमीन.
रन.
मॅट्रिक्स सिंग्युलर.
म्हणजे तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही,
किंवा इतकी आहेत की एकही धरता येत नाही.

सेकंडरीची दोन्ही टोकं अधांतरी राहिली होती.
किती व्होल्ट, ते सांगायचं तरी कशापासून?
एक गिगाओहमचा रोध टाकला जमिनीशी,
एवढा मोठा की त्यातून मुंगी जाणार नाही,
पण पत्ता विचारायला तेवढी ओळख पुरते.

रन.
टाइम स्टेप फारच लहान.
मायक्रो, नॅनो, पिको...
पावलं आखडत आखडत यंत्र
बैलासारखं ओढ्याच्या काठावर बसकण मारतं.
शेपटी पिरगाळून उपयोग नसतो.

कॉइलचा रोध मी शून्य धरला होता,
कपलिंग एक.
औरंगाबादला कॉलेजात फळ्यावर असंच असायचं:
समजा, ट्रान्सफॉर्मर आदर्श आहे.
चार वर्षं समजत राहिलो.

शिफ्ट सुटली. चतुराबाई डबा घ्यायला आत आली.
बावीस वर्षं वाइंडिंग करते,
बोटांना तांब्याचा वास, साबणानं न जाणारा.
"कामून बसली गं अजून?"
मी स्क्रीन दाखवला. हे आपलं वेटोळं. हे दुसरं.
ती वाकली, डोळे बारीक केले.
"मंग ह्याच्यात कागद कुठंय?"

कागद.
थरावर थर, तेलात भिजलेला,
दोन वेटोळ्यांना एकमेकांपासून राखणारा.
त्या फटीतूनच थोडं चुंबकत्व वाट चुकतं,
दुसऱ्या कॉइलपर्यंत पोचतच नाही.
कपलिंग केलं ०.९९७.
टेस्ट रिपोर्टातून तांब्याचा खरा रोध उचलला.
वर तारका टाकून एक ओळ लिहिली,
तारकेची ओळ यंत्र वाचत नाही:
* इथे कागद आहे.

चाललं. लाटा आल्या, गुळगुळीत,
शाळेच्या वहीतल्यासारख्या.
पण ट्रिप? ट्रिप कुठेच नाही.
माझ्या पडद्यावर सगळं सुरळीत
आणि सेलूला माणसं खोकतायत.

मुनिमाला फोन लावला. रात्री बंद कसा करता?
"कसा म्हंजे? खटका ओढतो न् जातो जेवायला."
बरोबर. लाट कुठे होती ते कोण बघतं?
लोखंड बघतं.
जिथे सोडलं तिथलं थोडं धरून ठेवतं रात्रभर,
आणि सकाळी भलत्याच वेळी हाक आली
की आधीच भरलेलं भांडं उतू जातं.

गाभ्याला वाकडी रेघ दिली, संपृक्त होणारी.
उरलेला फ्लक्स सत्तर टक्के.
खटका शून्यावर.
रन.

पहिल्याच अर्ध्या चक्रात करंट उभा राहिला,
आठपट, एका बाजूला कललेला,
देवगिरीच्या कड्यासारखा.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.
आठ दिवसांत पहिल्यांदा
बिघाड जसा आहे तसा भेटला होता.

"मुनीमजी, ब्रेकरवर एक बाण असेल. कुठल्या आकड्यावर?"
पावलं. दार. बॅटरीचा खटका.
"पाचवर."
कोणी ठेवला?
"तुमचाच माणूस आलता की बसवायला."

माणूस मीच पाठवला होता.
रात्री नऊला पुन्हा पाठवला, आकडे लिहून देऊन.

दुसऱ्या दिवशी सव्वासात वाजून गेले.
साडेसात.
चहा मी दोनदा गरम केला.
आठला फोन:
"चालू झालं. पन मॅडम,
तो आतून सारखा गुणगुणतोय."
गुणगुणू द्या, म्हटलं,
आणि फोन तसाच धरून ऐकत राहिले.